जयूची सूर्यचूल

जयू पागनीस गेली तेव्हा तिला चौतिसावं लागलं होतं. उज्जैनला देवास रोडवर, माधव नगरची वस्ती संपून गव्हाची शेतं सुरू होत तिथे आमची पाच-सहा घरं होती. ती माझी भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. तिचे यजमान मधुकरराव मध्यभारत सरकारच्या कचेरीत कारकून. घरात तिसऱ्या त्यांच्या आई, अक्का. मूलबाळ नव्हतं.

जयूला दमा होता. चुलीपुढे बसली की तिच्या छातीतला आवाज मला माझ्या घरात ऐकू येई. स्टोव्ह आणून पाहिला. रॉकेलच्या वासाने ती आणखीच घुसमटली. स्वयंपाकाला बाई ठेवावी तर अक्कांना परक्या हातचं चालत नसे. आमच्या घरी अंडं शिजे, म्हणून माझ्या हातचंही नाही. टावर चौकातल्या डॉक्टरांनी मधुकररावांना स्पष्ट सांगितलं होतं, “धूर बंद करा. नाहीतर पुढच्या हिवाळ्याची हमी मी देत नाही.”

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात मधुकररावांनी दिल्लीहून सूर्यचूल आणली. परातीच्या चौपट, खोलगट, आरशासारखी चकचकीत थाळी, तिला लोखंडी पाय आणि मध्ये भांडं ठेवायची कडी. सोबतचा कागद इंग्रजीत होता, तो मी जयूला वाचून दाखवला. पहिल्या दिवशी भात झाल्यावर तिने झाकण काढलं आणि वाफेवर तोंड धरून उभी राहिली.

“ताई, बघा, खोकला नाही आला.”

त्यानंतरचे दोन-तीन महिने तिचे. अंगाने भरली. अंगणात भाजी निवडताना गुणगुणायची.

पलीकडच्या कुंपणाला धापूबाईचं घर. धापूबाई माळव्यातली शेतकरीण, तिची नात गेंदी पाच वर्षांची. धापूबाई रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर मोरांसाठी ज्वारी टाकी. ज्वारी संपली की मोर जयूच्या अंगणात उतरत. थाळीत बघावं तर आत आपल्याहून मोठा मोर! मग नख्यांनी मारामारी, आणि भांडं आडवं. जयू काठी घेऊन बसे.

“ए जयूबई! म्हारे मोर के लकडी मत दिखाना!”

“काकी, तुम्हारा मोर रोज मेरी दाल गिराता है!”

“तो थाली औंधी रख दे.”

“फिर दाल कहाँ पकाऊँ, तुम्हारे सिर पर?”

दोघी हसत. रस्त्यापलीकडचे बापू मात्र हसत नसत. त्या चमकेने त्यांची म्हैस बिचकते, ही त्यांची रोजची तक्रार होती.

होळीनंतरची सप्तमी आली. माळव्यात त्या दिवशी कुणी चूल पेटवत नाही. शीतळामातेला थंड ठेवायचं, आदल्या दिवशीचं गार खायचं. माता तापली तर घरात देवी निघतात. आम्हा मराठी घरांत ही सप्तमी श्रावणात येते. धापूबाईने कुंपणावरून आठवण दिली, “कल चूल्हो मत जलाजे.”

“मैं तो रोज ही नहीं जलाती, काकी,” जयू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी अक्कांची खिचडी थाळीवर चढवली. तिच्या मनात काही नव्हतं. चूल पेटवायची नाही म्हणाल्या, आणि चूल तर पेटलीच नव्हती. धापूबाई पूजेहून ओला कलश घेऊन परतली आणि भिंतीपाशी थांबली. खिचडीची वाफ बघत राहिली.

थोड्या दिवसांनी गेंदीला ताप भरला आणि अंगभर देवी उठल्या. टोचणारा माणूस हिवाळ्यात दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा गेंदी शेतात लपली होती. पण ते आता कोण आठवणार! बापू चार माणसं घेऊन जयूच्या दारात आले. “थाली फोड दो.”

मधुकरराव ओरडले, “चूल्हा जला ही नहीं था!”

“खिचडी तो पकी थी ना?” बापू म्हणाले.

मधुकरराव थाळीपुढे आडवे उभे राहिले, तेव्हा कुठे ती माणसं परतली.

दुपारी धापूबाई एकटी आली. भांडायला नाही. तिने जयूपुढे पदर पसरला. “माता तप री है, बई. औंधी कर दे. म्हारी छोरी बचा ले.”

ती गेल्यावर जयूने मला विचारलं, “ताई, थाळीने देवी निघत नाहीत ना?”

“नाही गं.”

“मग मला तिच्याकडे बघवत का नाही?”

तिने थाळी पालथी घातली आणि चूल पेटवली. ते सगळे दिवस मला दोन आवाज ऐकू येत, भिंतीपलीकडून जयूचा खोकला, आणि त्याच्याही पलीकडून गेंदीचं कण्हणं. मी अक्कांचे पाय धरले, निदान एवढे दिवस माझ्याकडचं जेवा म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं.

गेंदी वाचली. पोर गेली असती तर दोष जयूचा होता. वाचली तर तोच दोष सिद्ध झाला. धापूबाईने तोंडावर वण पडलेली नात आणून जयूच्या मांडीवर बसवली, आणि जयूचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

“थाली औंधी करी, तो बची. खा कसम, फेर नी लगावेगी.”

“जयू, नको,” मधुकरराव दारातून म्हणाले.

पण हात डोक्यावर होता, आणि गेंदी वर मान करून तिच्याकडे बघत होती.

“नहीं लगाऊँगी,” जयू म्हणाली.

नोव्हेंबरात मध्यभारत संपलं, मध्य प्रदेश झाला आणि कचेरी भोपाळला गेली. मधुकररावांनी थाळी सगळ्यात आधी ट्रकवर बांधली. मला हळूच म्हणाले, “तिथे ना मोर, ना धापूबाई.”

जानेवारीत मी भोपाळला त्यांच्याकडे गेले. सरकारी क्वार्टरचं अंगण उन्हाने भरलेलं, आणि कोपऱ्यात कोळशाच्या ढिगावर थाळी पालथी पडलेली. जयूला एका दमात तीन शब्द बोलता येत नव्हते.

“तुम्ही तरी सांगा हिला,” मधुकरराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. “इथे कोण बघतंय?”

मी सांगितलं. विनवलं, रागावलेही.

“गेंदी... कशी आहे?”

“छान आहे. मोरांमागे धावते.”

“मग... कशी लावू, ताई?”

आतून अक्कांनी विचारलं, अजून पानं का नाही घेतली? जयू भिंतीला धरून उठली. जराशाने स्वयंपाकघराच्या दारातून धूर बाहेर उन्हात आला.