मामंजी आणि तांब्याचा पाइप

मामंजी गेले. काल दुपारी, ताकभात खाऊन, खुर्चीत बसल्या बसल्या.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पिढ्यान्पिढ्या कुंभकोणमला राहिलेल्या आमच्या मराठी घरात सासऱ्यांना अजून मामंजीच म्हणतात. मी सांगलीची. लग्न होऊन आले तेव्हा हा शब्द ऐकून हसू यायचं. आज लिहिताना रडू येतंय.

सगळे फोनवर विचारतात, आजारी होते का? नव्हते हो. परवा तर माझ्या कॉम्प्युटरमागचा पंखा पुसत होते.

त्या कॉम्प्युटरचीच गोष्ट सांगायची आहे.

मी घरून बिल्डिंग्जची थ्रीडी चित्रं करते. रेंडर लावलं, म्हणजे कॉम्प्युटरला पक्कं चित्र काढायला बसवलं, की मशीन तापतं, आणि इथला एप्रिल म्हणजे विचारूच नका. काम निम्म्यात आलं की मशीन बंद. क्लायंट वैतागलेला. खोलीत एसी होता, पण व्होल्टेज पडलं की आधी तोच मान टाकायचा.

शेवटी मी आणि माझ्या नवऱ्याने, रघूने, ठरवलं. चेन्नईला जायचं. फ्लॅटसुद्धा बघून आलो.

जेवताना घरात सांगितलं. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, वाढता हात थांबला.

मामंजी म्हणाले, "सरि." म्हणजे ठीक आहे. मग मान खाली घालून जेवत राहिले.

हात धुऊन आले आणि विचारलं, "काय गे मेधा, तें यंत्र थंड झालें तर?"

"मग कशाला जाऊ, मामंजी?" मी आपली बोलून गेले.

झालं! दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांचं ठरलंसुद्धा. मशीनच्या आतून पाणी फिरवायचं, ते गरम पाणी बाहेर तांब्याच्या नळीतून न्यायचं आणि पंख्याने गार करायचं.

रघू म्हणाला, "अप्पा, रेडिएटर तयार मिळतो. ऑनलाइन मागवूं."

"मी घरांत असतांना विकत कशाला?"

पंप आणि प्रोसेसरवर बसवायचा पाण्याचा ब्लॉक, एवढंच मागवायची परवानगी मिळाली.

आता कुंभकोणमात तांबं म्हटलं की पाय भांड्यांच्या दुकानांकडेच वळतात. मामंजींचेही वळले. सोबत मी. जो तो दुकानदार "पात्रम वेणुमा, सार?", भांडं हवं का, म्हणत घागरी पुढे करायचा. मामंजी प्रत्येक घागरीवर नख वाजवून आवाज ऐकायचे, छान आहे म्हणायचे, आणि मग विचारायचे, पाइप आहे का?

परत आलो तेव्हा हातात पाइप नव्हता. एक नवा गडू मात्र होता. आई म्हणाल्या, "यांतून फिरवणार काय पाणी?"

पाइप मिळाला तो एसी दुरुस्त करणाऱ्या सेल्वमकडे. मऊ तांब्याची गुंडाळी होती. मामंजी ती घेऊन अंगणात बसले आणि पहिल्याच वळणाला पाइप चपटा झाला.

मग कावेरीची वाळू आली. ती चाळली, गच्चीवर वाळवली, पाइपमध्ये ठासून भरली आणि दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारली. आत वाळू असली की वळवताना पाइप दबत नाही. आईंचं मुसळ घेऊन त्याभोवती एकेक वळण घातलं. मी मुसळ धरायचे, ते वळवायचे.

"हळूं गे, हळूं! माझें कोपर आहे तें!"

इतकं हसलो आम्ही त्या अंगणात.

आणि मग तो शुक्रवार आला. या घरात शुक्रवारी देवाच्या समईपासून गडूपर्यंत सगळं तांबं-पितळ चिंचेने घासलं जातं. आईंनी भांड्यांबरोबर आमचा रेडिएटरही लखलखीत केला. मामंजींना तेवढ्याने समाधान नाही. तीर्थाचं भांडं बाहेरून चकचकीत आणि आतून मळकं कसं चालेल? त्यांनी पाइपच्या आतून चिंचेचं पाणी फिरवलं!

मग सगळं मशीनला जोडलं. आत राहिलेल्या चिंचेने आठवड्यात पाणी हिरवं झालं आणि एक जोड गळायला लागला. नशीब, मशीनच्या बाहेरचा होता.

मामंजी निवृत्त प्राध्यापक. विषय केमिस्ट्री. रघूने डोक्याला हात लावला.

"चिंच तांब्याला काय करते तें मीच अस्क्या पोरांना शिकवलें," मामंजी म्हणाले. "पण शुक्रवार होता नव्हें?"

सेल्वमने जोड पुन्हा करून दिला. आत डिस्टिल्ड वॉटर भरलं. रेंडर लावलं आणि मामंजी पाइपवर हात ठेवून शेजारी बसून राहिले. मशीन बंद पडलं नाही. त्या दिवशी नाही, त्या उन्हाळ्यात नाही, नंतरही नाही.

चेन्नईचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. "राहा" असं मामंजी एकदाही म्हणाले नाहीत. मीही त्यांना कधी काही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

आज सकाळी माणसं पांगल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळे कोरडे. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

"आतां जावा गे तुम्ही चेन्नैला. अडवणारे गेले."

मी त्यांचा हात धरून हमसून हमसून रडले.

रघू दारात उभा होता. तिथूनच म्हणाला, "आम्ही कोठें जात नाहीं, आई."

मामंजी, ऐकलंत ना?

आम्ही इथेच आहोत. तुम्ही आता निश्चिंत मनाने जा.

तुमच्या मेधाचा शेवटचा नमस्कार.