डोलमाकाकूंचा पासपोर्ट

माझी आत्या अर्जुनी मोरगावला वकील आहे. शाळा सुटली की मी तिच्या ऑफिसात अभ्यासाला बसते. मी फारशी बोलत नाही, म्हणून मी तिथे आहे हे लोक विसरतात आणि किस्से आपोआप जमत जातात. यंदा सगळ्यात जास्त जमले ते डोलमाकाकूंचे.

काकू जवळच्या तिबेटी कॅम्पमधल्या. आईवडील तिबेटातून आलेले, काकू मात्र इथेच जन्मलेल्या. त्यांची मुलगी परदेशात नर्स आहे, तिला बाळ होणार होतं. काकूंना तिच्याकडे जायचं होतं, पण कागदोपत्री त्या विदेशी. पासपोर्ट कुठला मिळायला?

*

आत्या म्हणाली, "सत्त्याऐंशीच्या जुलैआधी इथे जन्मलात, म्हणजे तुम्ही जन्मानेच भारतीय. आणि बाईमाणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो. तो मीच."

काकू थंडीत स्वेटर विकतात. त्यांनी आत्याला नीट न्याहाळलं. "फुकटचा माल टिकते का?"

"एकदा धुऊन पाहा," आत्या म्हणाली.

*

आत्याने काकूंचा शाळेचा दाखला शोधून काढला आणि अर्ज केला. चौकशीला पासपोर्ट ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "इथे कधीपासून राहता?"

"जन्मापासून."

"त्याच्या आधी कुठे होता?"

काकूंनी जरा विचार केला. "आईच्या पोटात."

"आणि आई?"

"ते बी इथंच. धान लावून राहिली होती."

आत्या हसू लपवायला खिडकीबाहेर बघू लागली.

*

मग पोलीस चौकशीसाठी हवालदारकाका कॅम्पात काकूंच्या घरी गेले. आत्याही होती, तिनेच हे सांगितलं. काकूंनी लोणी आणि मीठ घातलेला चहा दिला. पहिल्याच घोटाला हवालदारकाकांचा चेहरा उतरला. एकदाचा संपावा म्हणून त्यांनी कप घटाघटा रिकामा केला. पण तिबेटी घरात पाहुण्याचा कप रिकामा ठेवत नाहीत. काकूंनी तो लगेच भरला. त्यांनी पुन्हा संपवला, काकूंनी पुन्हा भरला.

शेवटी ते आत्याला म्हणाले, "मॅडम, बाई इथलीच हाये, मी लिहून देतो. पन हिले थांबवा."

*

नात झाली, तरी पासपोर्टचा पत्ता नव्हता. काकू आत्याच्या ऑफिसात येऊन स्वेटर विणत बसायच्या.

"बाळासाठी का?" आत्याने विचारलं.

"हो. आधी महिन्याच्या लेकराचा विणला होता. आता वर्षाच्या लेकराचा विणून राहिली."

आत्याने हातातली केस बाजूला सारली आणि तेव्हाच पासपोर्ट ऑफिसला नोटीस लिहायला घेतली.

*

पासपोर्ट आला. दुसऱ्या दिवशी काकू मला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. इतकी वर्षं विदेशी म्हणून नोंद होती, तेव्हा स्वेटर विकायला परगावी निघायचं तरी तिथे सांगून जावं लागायचं.

हवालदारकाका म्हणाले, "आता कायले आल्या?"

"नातीकडे जाऊन राहिली. सांगाले आली."

"आता सांगा नाही लागत, डोलमाबाई. कुठंबी जा."

काकू उठल्या नाहीत. "मंग मी गेली, हे इथं कोनाले मालूम राहील?"

हवालदारकाकांनी पेन खाली ठेवला आणि आपली खुर्ची पुढे ओढली.

"बरं, सांगा," ते म्हणाले. "वापस कवा येनार?"