खालून वर वाचणारे बेलिफकाका

बेलिफकाका कुठलाही कागद खालून वर वाचत. लग्नाची पत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर औषधाच्या बाटलीबरोबरची चिठ्ठी. आधी शेवटची ओळ, मग सही-शिक्का आणि सगळ्यात शेवटी मथळा. दारव्ह्याच्या कोर्टात समन्स आणि नोटिसा बजावण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. निवृत्त होऊन बोरी अरबला आले, तरी गावानं त्यांना दुसरं नाव दिलं नाही. "वरती कोणीबी काहीबी छापते," ते म्हणत. "बोलणारा कोण हाय, ते खाली असते."

आमच्या बायकांच्या गटाची तुरीची डाळ मी वेबसाइटवरून विकते. त्या वेबसाइटचं नाव प्रत्येक पिशवीवर छापलेलं आहे आणि नागपूर-पुण्याची गिऱ्हाइकं त्याच नावानं आम्हाला शोधतात. दरवर्षी एका कंपनीकडे त्याचं नूतनीकरण करावं लागतं. मुदत चुकली तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. म्हणजे डाळ आमची, पिशवी आमची आणि नाव भलत्याचंच! या एका गोष्टीची मला कायम धास्ती असायची.

एका दुपारी ईमेल आला. लाल अक्षरात 'अंतिम सूचना'. आज संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर नाव गेलं समजा. गटाच्या अध्यक्ष शकुंतलाबाई म्हणाल्या, भरून टाक आणि मोकळी हो. मी कार्ड काढलंसुद्धा. काका तेव्हा गोदामात वजनकाट्याशेजारी पेपर वाचत बसले होते, अर्थात खालून. त्यांनी तो ईमेल छापून मागितला. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नाही. कागद हाती आल्याशिवाय त्यांना काही खरंच वाटत नसे.

पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, की हे बिल नाही, आमच्या सेवेचा प्रस्ताव आहे. पाठवणारी कंपनीही आमची नेहमीची नव्हती. तिचं नाव मी पहिल्यांदाच वाचत होते. तरी शकुंतलाबाईंच्या जिवाला चैन पडेना. खरंच नाव गेलं तर काय करायचं, असं त्या पुन्हापुन्हा विचारत राहिल्या.

"खरी नोटीस मुदत देते, शकुंतलाबाई," काका म्हणाले. "आन् बेलिफ दारात पैसे मांगत नाही. मांगले तं तो बेलिफ नाही."

मग मला समजावून सांगितलं. नोटीस आली की माणसानं कोर्टात जाऊन विचारावं, कागद आणणाऱ्याच्या मागं जाऊ नये. कोर्ट कुठं आहे ते आपल्याला माहीत असतं. मी त्या ईमेलमधल्या लिंकला हात लावला नाही. आमच्या कंपनीचा पत्ता स्वतः टाइप केला आणि खातं उघडलं. नाव अजून पाच महिने आमचंच होतं. तरीही काका दिवेलागणीपर्यंत गोदामात हट्टानं खुर्ची टाकून बसले. "झाली संध्याकाळ," उठताना म्हणाले, "ने म्हणा आता."

कोर्टात असताना कोणी नोटीस घेतली नाही, तर ते ती दारावर चिकटवून पंचाची सही घेत. इथं त्यांनी उलटा कारभार सुरू केला. खोटा ईमेल माझ्याकडून छापून घेऊन गोदामाच्या दारावर डकवायचा आणि त्यावर पेन्सिलनं 'घेण्यास नकार' लिहायचं. तुमचं नाव परदेशात कोणी घेतोय, तुमची ईमेलची पेटी बंद पडतेय, असे नाना कागद तिथं लागले. दार लाकडाचं आहे की कागदाचं, म्हणून मी त्यांना चिडवायची. ते मात्र पाहुण्यांना आधी ते दार दाखवत, चहा मागाहून.

आणि मी शहाणी झाले, जरा जास्तच. काका लेकीकडे वणीला गेले असताना एक साधा, रुक्ष ईमेल आला. लाल अक्षर नाही, दमदाटी नाही. महिन्याभरानं मुदत संपतेय, खात्यावर नोंदवलेलं कार्ड बाद झालंय, नवीन टाका, एवढंच. मी तो छापला, खाली-वर काहीच नीट न वाचता 'घेण्यास नकार' लिहिलं आणि दारावर लावला. खातं उघडून पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी काका परतले. दारावरचा तो नवा कागद त्यांनी खालून वर वाचला; तळाशी आमच्याच नेहमीच्या कंपनीचं नाव होतं. मग नखानं चारही कोपरे सोडवून तो कागद अलगद काढला. त्यांचा आवाज चढला नाही, पण इतकं रागावलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"पोरी, खोट्याले नाही म्हणायले हिंमत लागते. पण खरी नोटीस न वाचता नाही म्हणणं, हे पळून जाणं हाय. असे दाराआड लपणारे म्या लय पाह्यले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच खातं उघडलं. आठ दिवस उरले होते. नवीन कार्ड टाकलं आणि पुढच्या वर्षाची तारीख दिसल्यावरच मी श्वास सोडला. काकांनी कागदाच्या पाठीवर माझ्याकडून 'मिळाली' असं लिहून सही घेतली आणि पंच म्हणून खाली स्वतः सही केली. तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यांची दुसरी कुठलीच सही माझ्याकडे नाही.

यंदा काका गेले. तेरवीच्या दिवशी आम्ही साऱ्या गटाच्या बायका वाढायला होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. कोणी माणूस हिंदीत घाई करत होता: तुमच्या वेबसाइटचं नाव आज संध्याकाळी रद्द होतंय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा. समोर काकांचा हार घातलेला फोटो होता. मला सगळं ठाऊक होतं, तरी फोन कानाला तसाच धरून मी फोटोकडे बघत राहिले. शकुंतलाबाई पुऱ्यांची टोपली घेऊन चालल्या होत्या, त्यांनी विचारलं, कोण आहे. मी कसंबसं सांगितलं.

त्यांनी टोपली खाली ठेवली आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"बेलिफ दारात पैसे मांगत नाही, बाबू," त्या म्हणाल्या. "नाव न्याचं हाय ना तुले? ये मंग. संध्याकाळपर्यंत आम्ही इथंच आहो."

फोन बंद करून त्यांनी माझ्या हातात दिला, टोपली उचलली आणि पंगतीतल्या पुढच्या पानावर पुरी वाढली.