दाराबाहेरचे बूट

देवाशी माझं कधीच पटलं नाही. जगात एवढं चाललेलं असताना तो गप्प का बसतो, हा माझा रोखठोक प्रश्न होता आणि आहे. त्या रविवारीही मी लंडनमधल्या ईलिंगमध्ये, आमच्याच भागात, युद्धविरोधी पत्रकं वाटत होते. घरी आले तर आई नाही. नागपूरहून येऊन तिला महिनाही झाला नव्हता. इंग्रजी येत नाही, रस्ते कळत नाहीत. ओट्यावर तिचं ताट झाकलेलंच; सकाळचं इन्सुलिन घेऊन ती न जेवताच बाहेर पडली होती. आणि बाहेर गारा पडत होत्या.

पोलिसांना फोन केला. त्यांनी विचारलं, कोट कोणत्या रंगाचा? मला सांगता येईना. मी धावत सुटले.

मोठ्या रस्त्याच्या कडेला ग्रीक लोकांनी नुकतंच एक चर्च बांधलंय. त्यांच्या बेटांवर असतं तसंच ठेंगणं, पण काँक्रीटचं. पांढऱ्याफेक जाड भिंती, एक घुमट, निळं दार. पेट्रोलपंपाशेजारी हे कशाला, असं मी मागे चिडून म्हटलंही होतं. तिथून धावताना दाराबाहेर नीट जोडून ठेवलेले बूट दिसले. इथे चर्चमध्ये जाताना कोण बूट काढतं? आईचेच होते.

दार लोटताच उघडलं. भिंतीतल्या बारीक फटींतून उजेड आत येत होता. आई बाकावर बसलेली, अंगावर कुणाचा तरी लाल कोट, हातात गोड पाव. एक ग्रीक बाई तिचे हात चोळत होत्या.

"थरथरत होत्या. बोलणं कळेना, म्हणून आधी भरवलं," त्या म्हणाल्या. दाराचं विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या बेटावर चर्चला कुलूप नसतं. वादळात सापडलेल्यानं जायचं कुठे? इथेही आर्किटेक्टला कुलूप बसवू दिलं नाही आम्ही."

"देऊळ दिसलं, म्हणून आले," आई म्हणाली. "आणि तू बूट घालून आत? काही रीत?"

मी निमूट बाहेर बूट काढून आले आणि तिच्याशेजारी बसले. समोरच्या चित्रात लेकराला घेतलेली मेरी. आईचे हात हळूहळू गरम होत गेले.

हे कुणी घडवलं, यावर मी वाद घालणार नाही. माझी धावपळ आईपर्यंत पोचायच्या आधीच ते दार तिच्यासाठी उघडं होतं. पत्रकं अजून वाटते, भांडतेही. पण रविवारी परतताना तिथे बूट बाहेर ठेवून थोडा वेळ बसते. मागत काहीच नाही. आई आता नागपूरला परतलीये; तिथून फोनवर दटावते, "त्या बाईंना लाडू दिलेस का गं?"

देते.