कॉलर सोडू नको

हसायचं तर खुशाल हसा, पण तोंडातला चहा आधी गिळा. माझी अशी फजिती आयुष्यात एकदाच झाली, आणि तीही विमान पाण्यात उतरल्यावर.

मी पेणच्या खाडीकाठचा, मिठागरावर वाढलेला. बायको सुमन रोह्याकडची, भातशेतीतली. तिला पोहता येत नाही. मुलीकडे निघालो होतो, दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. उडाल्यावर थोड्याच वेळात पक्षी धडकले आणि दोन्ही इंजिनं गप्प झाली. काय ती शांतता! वैमानिकाने सांगितलं, किनाऱ्यालगत पाण्यावर उतरतोय. सुमनने माझा हात घट्ट धरला.

"घाबरू नको गो," मी म्हटलं. "पाण्याचं माझ्यावर सोड."

डोकी गुडघ्यांत घालून बसलो. एक दणका, दुसरा, मग नुसती घसरण, आणि विमान थांबलं. दार उघडून विमानातल्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला पंखावर काढलं, अंगातली लाईफ जॅकेटं फुगवायला लावली. पाणी गढूळ, तळ दिसेना. मी पुढचामागचा विचार न करता पंखावरून सरळ पाण्यात पाठीवर आडवा झालो आणि सुमनला सांगितलं, माझी कॉलर धर, अजिबात सोडू नको, किनाऱ्याला नेतो तुला.

आणि काय सांगू, मला तंद्रीच लागली हो. फुगलेल्या जॅकेटात कान बुडाले, जगाचा आवाज बंद. वर मिठाच्या राशीसारखे पांढरे ढग. मागे विमान दमलेल्या बगळ्यासारखं पाण्यात बसलेलं. मी मधूनच हात मारायचो आणि आम्ही अलगद पुढे सरकायचो. बायकोला ओढतोय आणि दम म्हणून लागत नाही! लहानपणची खाडी आठवली, आईची हाक ऐकू आली. हे मरण असेल तर वाईट नाय, असंही वाटून गेलं.

किती वेळ गेला कोण जाणे. कॉलरला हिसका बसला. डोळ्यांसमोर सुमनचा चेहरा, उलटा.

"उठा आता," ती हळूच म्हणाली. "पाणी ढोपराएवढं हाय. मगापासून मीच तुम्हाला ओढतेय. लोक बघतायत."

उभा राहिलो. ओहोटी होती! सगळी माणसं पँटी, साड्या वर खोचून चिखलातून चालली होती. काठावर मोजणी झाली, सगळेच्या सगळे सुखरूप. सुमन तेव्हा कुठे रडली. मीही रडलो, पण थोडं लाजेनेसुद्धा.

पुढे रोह्याला तिने माझी अब्रू राखली. माहेरी सांगितलं, ह्यांना चक्कर आली होती. सासूबाईंनी चार दिवस अंथरुणावरून उठू दिलं नाही, हाताने पेज भरवली. मी मुकाट्याने खाल्ली.

मी पूर्ण शुद्धीत होतो, हे रोह्यात अजून कुणाला ठाऊक नाय.