बिबट्या येईपर्यंत

बबनचं नाव ठेवताना त्याच्या आईवडिलांनी जरा विचार करायला हवा होता. बोलताना ज्या अक्षरावर तो हमखास अडायचा, तेच त्यांनी सुरुवातीला दोनदा बसवलं. कोणी नाव विचारलं की तो असा अडकायचा, की विचारणाराच "असू दे, असू दे" म्हणत पुढे जायचा.

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या चाळीत बबन सगळ्यांचा लाडका, पण त्याचा आवाज फारसा कोणी ऐकलेला नाही. कारखान्यात तो लेथवर होता. तिथल्या खडखडाटात सगळेच हातवाऱ्यांनी बोलत, त्यामुळे तिथे त्याचं छान चाले. पंचाईत व्हायची दुकानात. बायको, अंजना, पोहे आणायला सांगायची आणि हा रवा घेऊन यायचा. 'र' त्याला सुटायचा, 'प' सुटायचा नाही. त्या घरात नाश्त्याला काय होणार, ते बबनची जीभ ठरवायची.

मुलगी झाली, संघमित्रा. तेव्हा त्याच्या आईने, गयाबाईंनी, बजावलं, "लेकरापुढं लई बोलू नगं बाबा. तुझं ऐकून तिलाबी लागंल." बबनने ते इतकं मनावर घेतलं, की मित्रा चार वर्षांची झाली तरी बापाचा आवाज म्हणजे खोकला आणि शिट्टी, एवढंच तिला माहीत.

एक्क्याण्णव साली अंजना उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला जाऊ लागली. तिथल्या सिंधी शेठच्या रद्दीतून तिने कव्हर फाटलेलं एक गोष्टीचं पुस्तक आणलं. गयाबाईंना वाचता येत नव्हतं. मित्रा पुस्तक घेऊन बापाच्या मांडीवर बसली ती उठेचना.

गोष्ट एका म्हातारीची. दार वाजतं, ती उघडते, तर दारात बिबट्या! त्याच्या कोटाचं बटण तुटलेलं असतं, ते लावून हवं असतं. लिहिणाऱ्याचं बबनशी काही जुनं वैर असावं.

"दारात उभा होता ब... ब... ब..."

बबनला घाम फुटला. मित्रा त्याचा शर्ट मुठीत धरून, श्वास रोखून बसली.

"...बिबट्या!"

मित्रा किंचाळली, खदखदून हसली आणि म्हणाली, "बाबा, पुन्हा!"

मग रोज तेच. पोर पुस्तकातले शब्द घरात पेरायला लागली. एकदा तिने गयाबाईंना विचारलं, "आजी, तू संतापलीस का?" त्या घरात तोपर्यंत कोणी संतापलं नव्हतं, नुसते चिडत होते. गयाबाईंना इतका मान वाटला, की राग विसरून त्यांनी तिला गूळ दिला.

आणि मग बालवाडीत बाईंनी, म्हणजे वृंदाताईंनी, मित्राला गोष्ट सांगायला उभं केलं. ती घडाघडा बोलत दारापर्यंत आली आणि तिथे, "ब... ब... ब..."

वृंदाताई घाबरून संध्याकाळी घरी आल्या. "गयाबाई, पोर अडखळायला लागली हो!"

गयाबाईंनी बबनकडे फक्त पाहिलं. पुस्तक फळीवर, डब्यांच्या मागे गेलं. पुन्हा खोकला आणि शिट्टी. मित्रा मांडीवर येऊन बसली की तो हळूच तिला उचलून आजीकडे द्यायचा आणि नळावर पाणी भरायला निघून जायचा. पिंप भरलेलं असलं तरी.

सुट्टीच्या दिवशी मित्राने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा अंजनाने पुस्तक काढलं. अंजनाचं वाचन म्हणजे तिचं शिलाई मशीन. "दारात उभा होता बिबट्या त्याच्या कोटाचं बटण तुटलं होतं..."

"असं नाही गं!" मित्रा ओरडली.

"मग कसं, महाराणी?"

"बिबट्या एवढ्या पटकन येतच नाही. आधी तो बाहेर थांबतो. मग बाबा त्याला हळूहळू आत आणतात."

"आणि बालवाडीत तू अडलीस ती?"

"अडले कुठे? थांबले! मुलांना भीती नको वाटायला?"

हे सगळं तिने एका दमात, कुठेही न अडखळता सांगितलं. गयाबाई नातीच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. बबन दारात रिकामी बादली घेऊन उभा होता. गयाबाईंनी सुनेच्या हातून पुस्तक घेतलं आणि लेकाच्या पुढे धरलं.

"वाच. मलाबी बघू दे, कसा येतो त्यो."

बबन बसला. मित्रा मांडीवर चढली, शर्ट मुठीत धरला.

"दारात उभा होता ब... ब..."

गयाबाईंनी पदर तोंडाशी नेला. अंजनाने शब्द सुचवला नाही. बिबट्याला त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला. घरात कोणालाच घाई नव्हती.