आधी मेन बंद

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. तिथे पेरणी यंत्रांचे लोखंडी सांगाडे बनत. शेठनी परदेशातून एक जुना वेल्डिंग रोबोट आणला, तेव्हा त्याच्यासोबत कपाटाएवढा कंट्रोलर आणि जपानी भाषेतले एक जाड पुस्तक आले. पुस्तक कुणालाच वाचता येत नव्हते. रोबोट अडला की कंट्रोलरच्या पडद्यावर एक आकडा येई. त्या आकड्याचा अर्थ विचारत फिरणे आणि लागेल तो सुटा भाग मिळवणे हे माझे काम होते. त्याआधी मी एका दैनिकात बातम्या लिहीत असे.

रोबोटची देखभाल कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनकडे होती. सगळे त्यांना मामा म्हणत. ते कुंभार पिंपळगावचे. घरची शेती भावावर सोपवून ते आधी सळ्यांच्या कारखान्यात लागले आणि नंतर आमच्याकडे आले. सळ्यांच्या कारखान्यात विजेच्या चालू पॅनेलमध्ये हात घातलेला त्यांचा जोडीदार त्यांच्यासमोर गेला होता. तेव्हापासून मामांचा एकच नियम होता : आधी मेन बंद, मग हात. शेठना तो इतका पटला की त्यांनी रंगाऱ्याला बोलावून तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

त्या वर्षी दसरा जवळ आला असताना पडद्यावर बॅटरीची खूण लुकलुकू लागली. कंट्रोलरमध्ये काही सेल होते. मी पुण्याहून नवे मागवले. मामांनी ते खंडेनवमीला बसवायचे ठरवले. त्या दिवशी हत्याराला आराम असतो. यंत्रे बंद ठेवून, पुसून, त्यांना हळदकुंकू वाहतात. मामांनी मेन पाडला, टेस्टर लावून खात्री केली, जुने सेल काढले, कपाट आतून पुसले, नवे सेल बसवले आणि दाराला झेंडूचा हार घातला.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला, तर रोबोट काम सुरूच करीना. पडद्यावर कधी न पाहिलेला आकडा होता. रोज कामाला लागण्याआधी त्याचा हात एका ठरावीक जागी येऊन थांबत असे. त्या जागेला कारखान्यात घर म्हणत. आता तो घरी येत नव्हता.

"मामा, हा सोनं लुटाया गेला अन् घराची वाट विसरला," एक वेल्डर म्हणाला.

मामा हसले नाहीत.

रब्बीची पेरणी तोंडावर होती. सांगाडे मागवलेल्या परतूरच्या व्यापाऱ्याचे रोज फोन येत होते. हाताने वेल्डिंग करून तेवढे सांगाडे निघणे शक्य नव्हते. शेठनी आम्हा दोघांना बोलावले.

"दिवाळीपर्यंत चालू झाला तर ठीक. न्हाई तर जाऊ द्या त्याला पलीकडच्या भट्टीत. अन् मामा, रोबोटच न्हाई तर रोबोटचा माणूस कशाला पाहिजे, तुम्हीच सांगा."

पलीकडची भट्टी म्हणजे नुसता बोलण्याचा भाग नव्हता. आमच्या भिंतीपलीकडे भंगार वितळवण्याचा कारखाना होता. क्रेनचे चुंबक भंगार उचलून टाकत असे. त्याचा आवाज वर्षभर कानावर पडूनही जाणवत नसे. त्या दिवसापासून तो प्रत्येक वेळी ऐकू येऊ लागला. मामाही काम थांबवून तिकडे पाहत.

पुण्याच्या जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला मी आकडा सांगितला. हात कुठे आहे हे सांध्यांकडून वाचून घेणारे कार्ड गेले असावे, असे तो म्हणाला. तसे जुने कार्ड त्याच्याकडे होते. मी जाऊन ते आणले. एसटीत टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरले होते. प्रत्येक खड्ड्याला वाटे, गेले. मामांनी मेन पाडून ते बसवले आणि मेन चढवला. तोच आकडा.

"भाऊ, एकेक सांधा तर वळून राह्यला," मामा हलक्या आवाजात म्हणाले. "मोटर बराबर, वायर बराबर, कार्ड नवं. मंग बिघडलं काय?"

पुण्याचा व्यापारी कार्ड परत घ्यायला तयार नव्हता. पण असे रोबोट दुरुस्त करणाऱ्या एका इंजिनिअरचा नंबर त्याने दिला. शेठच्या केबिनमधून फोन लावला. शेठनी स्पीकर चालू केला.

"बंद पडण्याआधी यंत्राला काय केलं होतं?" इंजिनिअरने विचारले.

"काय न्हाई. पूजा केल्ती," शेठ म्हणाले.

"पूजेआधी?"

"सेल बदलले," मी म्हणालो.

"बदलताना मेन चालू होता?"

मामा फोनवर वाकले. "न्हाई साहेब. बिलकुल बंद. मी स्वतः पाडल्ता. टेस्टर लावून पाह्यलं."

मग इंजिनिअर म्हणाला, "तिथंच झालं. मेन बंद असला की हात कुठे आहे ते त्या सेलवरच लक्षात राहतं. सेल काढले की विसरला. हे सेल मेन चालू ठेवूनच बदलायचे असतात."

केबिनच्या काचेतून समोरची भिंत दिसत होती. शेठनी भिंतीवरची अक्षरे पाहिली, मग मामांकडे पाहिले. मामा खाली पाहत होते.

"आता पुन्हा शिकवता येतं का त्याला?" शेठनी विचारले.

येत होते. प्रत्येक सांध्यावर दोन बारीक खुणा असतात. त्या समोरासमोर आणायच्या आणि तेच घर असे कंट्रोलरला सांगायचे. आम्ही धावत गेलो, तर खुणा नव्हत्या. आदल्या वर्षी पाहुणे येणार म्हणून शेठनी रोबोटला ट्रॅक्टरचा केशरी रंग मारून घेतला होता. थिनरमध्ये बोळे बुडवून आम्ही तो सांध्यासांध्यावरून काढला. मनगटाच्या सांध्याची खूण काही केल्या दिसेना. मामांनी डोळे मिटून त्या जागेवरून नख फिरवले आणि ते एका ठिकाणी अडले.

आकडा गेला. हात घरी आला. वेल्डिंग मात्र सांध्याच्या जरा बाजूला पडू लागले, म्हणून एकेक जागा पुन्हा नेमकी करावी लागली. दिवाळीच्या तोंडावर सांगाडे परतूरला गेले.

मामांच्या नोकरीबद्दल शेठ एक शब्द बोलले नाहीत. राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. "शिव्या घातल्या असत्या तर जीव मोकळा झाला असता," मामा मला म्हणत. भिंतीवरची अक्षरेही तशीच राहिली.

पुढच्या वर्षी सेलची खूण पुन्हा लुकलुकली, तेव्हा शेठचा निरोप आला : या वेळीही मामाच बदलतील. मामांना हवे असलेले उत्तर त्यात होते, आणि मेन चालू ठेवून हात घालणेही त्यात होते. मध्येच भारनियमन नको म्हणून जनरेटर लावला. सेलना हात लागला तर काही होत नाही, असे इंजिनिअरने सांगितले होते. पण त्यांच्या शेजारूनच जाड वायरी जात होत्या.

मामांनी घड्याळ आणि अंगठी काढून ठेवली, रबराच्या चटईवर उभे राहिले आणि वाळलेल्या बांबूची काठी माझ्या हातात दिली.

"मी चिकटलो तर हातानं वढू नका, भाऊ. ह्यानं हाणा. लाज धरू नका."

"धरणार नाही."

"शेठच्या राह्यलेल्या शिव्यांची उधारी समजून हाणा."

डावा हात चुकून कुठे टेकू नये म्हणून खिशात घालून त्यांनी उजवा आत घातला. एक सेल काढायचा, त्या जागी नवा बसवायचा, मग पुढचा. मी पडद्याकडे पाहायला हवे होते. मी त्यांच्या खांद्याकडे पाहत होतो. पलीकडे भंगार पडले आणि तो खांदा दचकला. माझी काठी वर गेली.

"थांबा," मामा म्हणाले. "जिवंत हाय." मग मान न वळवता त्यांनी विचारले, "काय दिसून राह्यलं?"

"काही नाही."

"बराबर पाहा."

"काहीच नाही, मामा. खूण गेली. आकडाही नाही."

त्यांनी हात बाहेर काढला आणि कपाटाचे दार लावले. मग काम संपल्यावर नेहमी जात तसे ते मेन चढवायला गेले. हात दांड्यापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला; दांडा वरच होता. जरा वेळाने त्यांनी तोही खिशात घातला.